एकट्यानें अटलांटिक ओलांडतांना

एकट्या माणसानें लहानशा शिडाच्या होडींतून महासागर ओलांडला, अशी वार्ता कानीं आली म्हणजे आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो त्याच्या धाडसाचा. हा उद्गार खोटा नाहीं. पण तो अपुरा आहे. गेल्या दीडशें वर्षांत अशा ज्या सफरी झाल्या त्यांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, धाडस हा सर्वांच्याच वांट्याला आलेला गुण होता. तरीही एक जण सुखरूप पोंचला, दुसरा अर्धमेला होऊन किनाऱ्याला लागला, आणि तिसऱ्याचा पत्ताच लागला नाहीं. हा भेद पुष्कळदां धक्क्यावरचा दोर सुटण्यापूर्वींच ठरून गेलेला असतो. म्हणून आज सफरीच्या थरारापेक्षां तिच्या पूर्वतयारीचा इतिहास आपणांपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

मोठ्या जहाजावर कामांची वांटणी असते. एक जण सुकाणूं धरतो, एक जण पहारा करतो, एक जण सूर्य व तारे पाहून ठिकाण काढतो. कोणी शिडें शिवतो, कोणी रांधतो, कोणी आजाऱ्याला औषध देतो. एकटा निघालेला माणूस हीं सारीं कामें आपल्या अंगावर घेतो. त्यानें सुकाणूं धरलें तर झोपावें कोणी? तो झोपला तर समोरून येणारें जहाज पाहावें कोणी? तो तापानें पडला तर वादळांत शिडें उतरवावींत कोणी? सफरीची योजना म्हणजे या प्रश्नांचीं किनाऱ्यावर बसून दिलेलीं उत्तरें. त्यांतले मुख्य प्रश्न चार : वाट कोणती व ऋतु कोणता, पाणी किती, आपण आहोंत कोठें, आणि झोपावें केव्हां.

अटलांटिक एकट्यानें ओलांडल्याची पहिली नोंद मिळते ती १८७६ सालची. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स संस्थानांत ग्लॉस्टर नांवाचें मच्छीमारांचें बंदर आहे. तेथें आल्फ्रेड जॉन्सन हा जन्मानें डॅनिश असलेला कोळी रहात असे. पत्त्यांच्या डावांत मित्रांमध्यें वाद निघाला कीं, मासेमारीच्या डोरी जातीच्या होडींतून एका माणसाला युरोप गांठतां येईल कीं नाहीं. येईल, असें म्हणणारा जॉन्सन. तेव्हां तें सिद्ध करून दाखविण्याची जबाबदारीही त्याच्यावरच आली. त्या वर्षीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षें पुरीं होत होतीं, म्हणून त्यानें होडीचें नांव ठेविलें ‘सेंटेनियल’, म्हणजे ‘शताब्दी’. तिची लांबी अवघी २० फूट.

गोष्ट येवढीच असती तर तिला आपण पैजेचा वेडेपणा म्हणून सोडून दिलें असतें. परंतु या कोळ्यानें उघड्या होडीवर फळ्यांचें छप्पर चढविलें आणि आंत पाणी शिरणार नाहीं असे बंद कप्पे करून घेतले. होडी उलटली तरी बुडूं नये, हा त्यांतला हेतु. आणि होडी खरोखरच उलटली. २ ऑगस्ट रोजीं वादळानें तिला पालथी केली. सुमारें वीस मिनिटें पाण्यांत झुंजून जॉन्सननें ती पुन्हां सुलटी केली. शेगडी गेली, बहुतेक अन्न नासलें, पण होडी तरंगत राहिली, आणि १२ ऑगस्टला तो वेल्सच्या किनाऱ्यावर ॲबरकासल येथें उतरला. पुढें म्हातारपणीं कोणीं कारण विचारलें तर, आपण मूर्ख होतों म्हणून गेलों, असें तो सांगे. पण मूर्ख माणूस आपली होडी उलटेल हें आधीं धरून चालत नाहीं. या माणसानें तें धरलें होतें.

आतां वाटेचा प्रश्न पाहूं. नकाशावर दोन बंदरांमध्यें पट्टी ठेवून रेघ ओढली म्हणजे ती समुद्राची वाट होत नाहीं. उत्तर अटलांटिकवरचे वारे एखाद्या प्रचंड जात्याप्रमाणें घड्याळाच्या कांट्यांच्या दिशेनें फिरतात. वरच्या अंगाला ते अमेरिकेकडून युरोपकडे वाहतात, आणि खालच्या अंगाला, ज्यांना व्यापारी वारे म्हणतात ते, आफ्रिकेकडून वेस्ट इंडीजकडे वाहतात. कोलंबसाचें यश याच ज्ञानावर उभें होतें. १४९२ सालीं तो आधीं दक्षिणेस कॅनरी बेटांपर्यंत उतरला, ६ सप्टेंबरला तेथलें गोमेरा बेट सोडून मग पश्चिमेस वळला आणि १२ ऑक्टोबरला पलीकडची भूमि त्याला दिसली. परततांना मात्र तो आल्या वाटेनें न येतां उत्तरेस चढून अझोर्सवरून आला. जातें ज्या दिशेनें फिरतें त्या दिशेनेंच त्यानें दोनही वेळां प्रवास केला.

पुढें साडेतीन शतकांनीं या ज्ञानाला शास्त्राचें रूप दिलें तें मॅथ्यू मॉरी या अमेरिकन आरमारी अधिकाऱ्यानें. घोडागाडीच्या अपघातांत पाय जायबंदी झाल्यामुळें जहाजावरची नोकरी त्याला मुकावी लागली आणि नकाशांच्या कोठाराचा कारभार त्याच्याकडे आला. तेथें जुन्या जहाजांच्या रोजनिशा धूळ खात पडल्या होत्या. कोणत्या महिन्यांत, कोणत्या ठिकाणीं, वारा कोणत्या दिशेचा होता, हें त्यानें त्यांतून टिपून काढलें आणि १८४७ सालीं उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यांचा व प्रवाहांचा नकाशा प्रसिद्ध केला. शेंकडों कप्तानांनीं भोगलेलें हवामान एका कागदावर आलें. आजचा एकटा नाविक महिनावार नकाशे उलगडून आपली वाट आंखतो, तेव्हां तो त्या विसरलेल्या रोजनिशांचाच वारसा वापरीत असतो.

वाटेइतकाच ऋतूहि महत्त्वाचा. अटलांटिकच्या उष्ण भागांत जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत झंझावाती वादळांचा काळ असतो. म्हणून कॅनरी बेटांवरून पश्चिमेस जाणाऱ्यानें नोव्हेंबरच्या अखेरीस निघावें, आणि अमेरिकेहून वरच्या वाटेनें येणाऱ्यानें जूनच्या आगेमागे, असा परिपाठ पडला आहे. आपल्या कोंकणच्या नाखव्याला यांत नवल वाटणार नाहीं. पावसाळ्याच्या तोंडाशीं तोही मचवे किनाऱ्यावर ओढून झापांनीं शाकारून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्यावांचून होडी लोटीत नाहीं. समुद्रावर केव्हां जाऊं नये हें कळणें, ही दर्यावर्दीपणाची पहिली इयत्ता आहे.

ही इयत्ता आणि पुढची पाण्याची, दोनही कच्च्या राहिल्या तर काय होतें याचें उदाहरण फ्रान्सच्या आलें जर्बोचें आहे. हा नामांकित टेनिसपटू आणि पहिल्या महायुद्धांतला वैमानिक. १८९२ सालीं बांधलेली ‘फायरक्रेस्ट’ नांवाची ३९ फुटी नौका घेऊन तो ६ जून १९२३ रोजीं जिब्राल्टरहून न्यूयॉर्ककडे निघाला. वाट दक्षिणेची, आणि महिना वादळांच्या आरंभाचा! शिडें जुनीं होतीं. तीं वारंवार फाटत आणि हा गृहस्थ तासन् तास सुईदोरा घेऊन बसे. पण खरा घात केला तो पिंपांनीं. ओक लांकडाच्या नव्या पिंपांत भरलेलें पाणी लांकडाच्या तुरटपणानें लाल होऊन पिण्यास निरुपयोगी झालें. भर समुद्रांत हें कळल्यावर त्याला दिवसाला पेलाभर पाण्यावर दिवस कंठावे लागले. ऑगस्टांत वादळांनीं गांठलें. १०१ दिवसांनीं तो न्यूयॉर्कला पोंचला आणि जगभर त्याची वाहवा झाली. ती योग्यच होती; पण नवीं पिंपें निघण्यापूर्वीं महिनाभर पाणी भरून कमावलीं असतीं, तर त्या वाहवेला काडीइतकाही उणेपणा आला नसता.

पाण्याचा हिशेब दिसतो तितका सरळ नाहीं. कॅनरी बेटांपासून वेस्ट इंडीज सुमारें २,७०० सागरी मैल. रोजची मजल १०० मैल धरली तर प्रवास २७ दिवसांचा. माणशीं अर्धा गॅलन पाणी धरलें तर १४ गॅलन पुरे, असें कोणीही सांगेल. परंतु याच टापूंत एका चांगल्या तयारीनिशीं निघालेल्या व्यक्तीला ६५ दिवस लागले. तिची हकीकत मी पुढें सांगणारच आहें. वारा पडला तर तो कोणाच्याही हिशेबाला बांधलेला नसतो. म्हणून जाणता नाविक पाणी अडीचपटीनें घेतो, आणि तें एकाच टाकींत न ठेवतां निरनिराळ्या भांड्यांत ठेवतो. म्हणजे एक फुटलें किंवा नासलें तरी दुसरें शिल्लक राहतें.

तिसरा प्रश्न ठिकाणाचा. उत्तर-दक्षिण अंतर, म्हणजे अक्षांश, दुपारच्या सूर्याची उंची मोजून काढतां येतो. पूर्व-पश्चिम अंतर, म्हणजे रेखांश, काढण्यास मात्र अचूक वेळ लागते. घड्याळांत चार मिनिटांची चूक झाली कीं रेखांश एका अंशानें चुकतो, आणि विषुववृत्तापाशीं एक अंश म्हणजे ६० सागरी मैल! या प्रश्नाचीं दोन उत्तरें एकमेकांशेजारीं ठेवून पाहण्यासारखीं आहेत.

पहिलें उत्तर कप्तान जोशुआ स्लोकमचें. यानें मोडकळीस आलेली ‘स्प्रे’ नांवाची नौका तेरा महिने खपून स्वतः नव्यानें बांधली. साहित्याचा खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. १८९५ सालीं बोस्टन सोडून, अटलांटिक ओलांडून, पुढें १८९८ पर्यंत त्यानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारा तो पहिलाच. त्याच्या जवळचें उत्तम सागरी घड्याळ दुरुस्त करावयास १५ डॉलर पडणार होते, म्हणून तें घरीं ठेवून त्यानें एक पत्र्याचें घड्याळ घेतलें. किंमत दीड डॉलर. तबकडी फुटलेली असल्यामुळें दुकानदारानें तें एका डॉलरला दिलें. हा किस्सा पुष्कळ जण विनोदानें सांगतात. परंतु स्लोकमचा सारा जन्म समुद्रावर गेला होता, आणि चंद्राच्या ताऱ्यांपासूनच्या अंतरावरून वेळ काढण्याची जुनी अवघड विद्या त्याला अवगत होती. घड्याळाची उणीव त्यानें विद्येनें भरून काढली होती.

दुसरें उत्तर आलें बोंबार या तरुण फ्रेंच डॉक्टराचें. जहाज फुटल्यावर तराफ्यावर सांपडलेलीं माणसें समुद्रानें दिलेल्या अन्नपाण्यावर जगूं शकतील, असें त्याचें मत होतें, आणि तें स्वतःच्या देहावर सिद्ध करण्यासाठीं तो १९५२ च्या ऑक्टोबरांत एका हवा भरलेल्या रबरी होडींतून कॅनरी बेटांवरून निघाला. हेतु उदात्त होता. पण रेखांशाचा हिशेब चुकत गेला. आपण किनाऱ्याजवळ आलों असें समजून तो रोज क्षितिजाकडे डोळे लावून बसे. डिसेंबरांत ‘अराकाका’ नांवाचें जहाज भेटलें, तेव्हां त्याला कळलें कीं, आपण समजत होतों त्याहून सुमारें ६०० मैल मागें आहोंत. उपाशी माणसाला याहून कठोर वाक्य ऐकावें लागत नसेल. तरीही त्यानें सफर सोडली नाहीं. २३ डिसेंबरला तो बार्बाडोसला लागला. त्या वेळीं त्याचें वजन सुमारें २५ किलोंनीं घटलें होतें. आज उपग्रह क्षणांत ठिकाण सांगतात. तरीसुद्धां विजेचें यंत्र बंद पडेल असें धरून अनेक नाविक जुनें कोनमापक यंत्र व कागदी नकाशे बरोबर बाळगतात.

चौथा प्रश्न झोपेचा, आणि तो सर्वांत अवघड. कारण अन्नपाणी बरोबर नेतां येतें, झोप सांठवून नेतां येत नाहीं. स्लोकमची ‘स्प्रे’ इतकी समतोल होती कीं, सुकाणूं बांधून ठेवलें तर ती आपली दिशा आपणच धरी. हिंदी महासागरांत थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतच्या २३ दिवसांत आपण एकंदर तीन तासांहून अधिक वेळ सुकाणूंपाशीं उभे राहिलों नाहीं, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. ज्यांच्या नौकेला हा गुण नव्हता त्यांचे हाल झाले. रॉबर्ट मॅन्री या क्लीव्हलंडच्या वृत्तपत्रांतल्या उपसंपादकानें १९६५ सालीं ‘टिंकरबेल’ या साडेतेरा फुटी होडींतून ७८ दिवसांत अटलांटिक ओलांडला. जागरणानें त्याला चमत्कारिक भास होऊं लागले; नसलेलीं माणसें होडींत दिसूं लागलीं. लाटांनीं त्याला एकदां नव्हे, अनेकदां होडीबाहेर फेकलें. तो वांचला तो कमरेला बांधलेल्या दोरामुळें. तो दोर निघण्यापूर्वीं बांधण्याचें ठरविलेलें होतें. लाट आल्यावर दोर शोधावयास सवड नसते.

झोपेच्या प्रश्नाला यंत्राचें उत्तर दिलें तें इंग्लंडच्या निवृत्त लष्करी अधिकारी हॅसलर यानें. वाऱ्याबरोबर फिरणारें एक पातें नौकेच्या मागच्या टोंकाला बसवावयाचें, आणि नौका वाट सोडूं लागली कीं त्या पात्याच्या योगें सुकाणूं आपोआप वळावें, अशी ती योजना. १९६० सालीं प्लिमथपासून न्यूयॉर्कपर्यंत एकट्यानें जाण्याची पहिली शर्यत त्याच्याच पुढाकारानें झाली. पांच जण निघाले आणि पांचही पोंचले. फ्रान्सिस चिचेस्टर ४० दिवसांत पहिला आला; हॅसलर ४८ दिवसांत दुसरा. वाऱ्यावर चालणारा हा बिनपगारी सुकाणूंवाला मिळाल्यापासून एकट्याची सफर विरळा राहिली नाहीं.

परंतु सुकाणूं धरणारा मिळाला तरी पहारेकरी मिळाला नाहीं. समुद्रावरच्या टकरी टाळण्यासाठीं १९७२ सालीं झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराचा पांचवा नियम सांगतो कीं, प्रत्येक नौकेनें सदैव डोळ्यांनीं व कानांनीं योग्य पहारा ठेवला पाहिजे. एकटा माणूस झोपला कीं हा नियम मोडतो. तो वीस-वीस मिनिटांच्या डुलक्या घेतो. पण ताशीं १८ सागरी मैल वेगानें येणारें जहाज वीस मिनिटांत सहा मैल कापतें. धोक्याची सूचना देणारीं यंत्रें आज आहेत. तथापि तीं डोळ्यांची जागा पूर्णपणें घेत नाहींत. या एका प्रश्नाला संपूर्ण उत्तर अद्याप सांपडलेलें नाहीं, हें ज्याला ठाऊक आहे तोच जहाजांच्या वर्दळीच्या वाटा टाळून आपली वाट आंखतो, आणि किनाऱ्याजवळ झोपावयाचें नाहीं असा नेम करतो.

आतां, ६५ दिवस लागलेल्या ज्या व्यक्तीचा उल्लेख मघाशीं केला तिच्याकडे वळूं. ती एक स्त्री होती, ॲन डेव्हिसन. ती पूर्वीं वैमानिक होती. १९४९ सालीं ती व तिचा पति फ्रँक यांनीं ‘रिलायन्स’ नांवाची ७० फुटी जुनी मासेमारी नौका दुरुस्त करून जगप्रवासाला निघावयाचें ठरविलें. दुरुस्तीपायीं कर्ज झालें, सावकारांचा तगादा लागला, आणि नौका जप्त होण्याच्या भीतीनें दोघें पुरती चांचणी न घेतांच समुद्रावर निघालीं. वादळानें त्यांना इंग्लिश खाडींत पोर्टलंडच्या खडकांवर आपटलें. तराफ्यावर लाटांचे तडाखे खात फ्रँकनें प्राण सोडला. ॲन कशीबशी खडक चढून वांचली.

या आघातानंतर तिनें समुद्राचें नांव टाकलें असतें तर कोणीं दोष दिला नसता. तिनें उलट केलें. ‘फेलिसिटी ॲन’ नांवाची अवघी २३ फुटी नौका घेतली, एकट्या माणसाला झेपेल अशी. शीड हाताळण्याचे धडे घेतले. १८ मे १९५२ रोजीं प्लिमथ सोडलें. पण थेट महासागरांत उडी घेतली नाहीं. ब्रिटनी, स्पेन, जिब्राल्टर, कासाब्लांका असे टप्पे घेत, प्रत्येक टप्प्यावर नौकेचे व स्वतःचे दोष ओळखीत ती कॅनरी बेटांवर आली, आणि वादळांचा काळ सरत आल्यावर २० नोव्हेंबरला तिनें लास पाल्मास सोडलें. वाऱ्यानें दगा दिला. महिन्याची वाट दोन महिन्यांवर गेली. पण या वेळीं गांठीं वेळ होता आणि पाणीही होतें. जानेवारी १९५३ मध्यें ती थकलेली, परंतु जिवंत, डोमिनिका बेटाला लागली. अटलांटिक एकटीनें ओलांडणारी ती पहिली स्त्री. पहिल्या सफरींत आणि या सफरींत समुद्र तोच होता आणि तिचें धैर्यही तेंच होतें. पहिल्या वेळीं निघण्याचा दिवस सावकारांनीं ठरविला होता, दुसऱ्या वेळीं तो तिनें स्वतः ठरविला. माझ्या मतें सारा इतिहास या एका फरकांत आहे.

याच धड्याचें एक उदाहरण आपल्याकडेही घडलें आहे. भारतीयानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांनीं पुढें मांडली. २००६ सालीं नौदलाचे दिलीप दोंदे यासाठीं पुढें आले. गोव्यांत दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली. मांडवी नदीचेंच तें दुसरें नांव. १९ ऑगस्ट २००९ रोजीं, नारळी पौर्णिमा होऊन दोन आठवडे झाल्यावर, ती मुंबईहून निघाली. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड करून दक्षिणेकडच्या उन्हाळ्यांत तिनें केप हॉर्नला वळसा घातला, फॉकलंड बेटांवरून दक्षिण अटलांटिक ओलांडून केप टाउन गांठलें, आणि १९ मे २०१० रोजीं ती मुंबईस परतली. समुद्रावरच्या नऊ महिन्यांसाठीं किनाऱ्यावर तीन वर्षें खर्चीं पडलीं. हें प्रमाण लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

कोणी म्हणेल, ज्याचा जीव त्याचा निर्णय. इतरांना त्याचें काय? परंतु एकटा नाविक खरोखर एकटा नसतो. तो संकटांत सांपडला तर कोठलें तरी व्यापारी जहाज वाट सोडून वळतें, कोठले तरी खलाशी उधाणलेल्या समुद्रांत होडी सोडतात. त्यांची नांवें त्याला ठाऊकही नसतात. किनाऱ्यावर नीट बांधलेला दोर, कमावलेलें पिंप, अडीचपट पाणी आणि योग्य दिवसाची वाट पाहण्याचा संयम हें सारें स्वतःच्या जिवासाठीं आहे, तितकेंच त्या अनोळखी माणसांच्या जिवासाठींही आहे. म्हणूनच अटलांटिकच्या या प्रवाशांना मुजरा करतांना तो त्यांच्या धाडसाला जरूर करावा. पण त्यांतला मोठा वांटा त्यांनीं धक्क्यावर बसून घालविलेल्या त्या कंटाळवाण्या महिन्यांसाठीं राखून ठेवावा.